वेगळी पळी आणि वेगळा कप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'शाकाहारी मूल वाढविणे' असे उत्तर दिले. दूरध्वनीवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग आपले चिटणीस अदबीने म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं होतं अर्थसंकल्पावर बोलाल." पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून ती अपेक्षा गैर नव्हती. मी त्यांना सांगितले की अर्थसंकल्पही येईल. मुलाच्या ताटात काय पडते आणि काय पडत नाही, हा अखेर अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. शिवाय आपल्या वर्तुळात 'शाकाहार' हा शब्द उच्चारला की निम्म्या लोकांच्या कपाळाला आठी पडते आणि उरलेले निम्मे मनातून सुखावतात. या दोन्ही प्रतिक्रिया मी जवळून पाहिल्या आहेत. दोन्हींनी माझ्या मुलीला मनस्ताप दिला आहे.

आमचे घर कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी मराठ्याचे. रविवारी मटण शिजले नाही तर तो रविवार नव्हे, असे मानणारे. 1995 सालच्या मे महिन्यात गावच्या जत्रेसाठी वडिलांनी बोकड आणला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पंधरा दिवस तिने त्याला शेवरीचा पाला चारला. पुढे काय झाले ते इथे बसलेल्या कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही. जत्रेच्या दिवशी पंगतीत तिने ताट सरकविले. रडली नाही, आकांत केला नाही. "मला नको," एवढेच म्हणाली. चार दिवसांत विसरेल, असे आम्ही समजलो. त्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली, ती अजून विसरलेली नाही.

पहिली प्रतिक्रिया माझ्या चुलत्यांची. "हिला काय बामनाच्यात द्यायची हाय?" पंगत हसली. मुलीला त्यातले काही कळले नाही, परंतु आपल्याला हसले गेले एवढे कळले. दुसरी प्रतिक्रिया मी नोकरीला होतो त्या शहरात, आमच्या वसाहतीत झाली. शेजारचे जन्माने शाकाहारी असलेले एक गृहस्थ प्रसन्न होऊन मला म्हणाले, "बघा, संस्कार कुठूनही उमलतात. पूर्वजन्मीचं काही तरी असणार." पहिल्याच्या मते मुलगी जातीबाहेर गेली, दुसऱ्याच्या मते ती एक पायरी वर चढली. एका मुलीला एका बोकडाची दया आली, ही साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नाही. दोघांनी मिळून तिला जातीच्या शिडीवर उभे केले.

आपल्याकडे शाकाहार ही केवळ आवडीनिवडीची बाब राहिलेली नाही, तिला उच्चनीचतेचा वास चिकटलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरील आपल्या 1948 च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगमच गोमांसभक्षणाशी जोडून दाखविला होता. तितके मागे जायचे नसेल तर बसस्थानकासमोरच्या खाणावळीची पाटी वाचा: 'शुद्ध शाकाहारी'. हे 'शुद्ध' कशासाठी? समोरच्या खाणावळीत जेवणारा मग कोण ठरला? 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी आहेत, म्हणजे मोठे बहुमत मांसाहारी आहे. तरीही पाटीवरची शुद्धता अल्पमताच्या वाट्याला आलेली आहे. अशा समाजात आपल्या शाकाहारी मुलासाठी आदर मागावयाचा, तर आधी स्वतःशी स्पष्ट असावे लागते की आपण आदर मागतो आहोत की सोवळे.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही, आईकडून कळला. तोही वाईट रीतीने.

आमच्याकडे मटण शिजताना तिखट घालण्यापूर्वी त्याचे जे पाणी काढतात त्याला अळणी म्हणतात. आजारी माणसाला आणि वाढत्या मुलाला ते पाजण्याची रीत आहे. त्याच वर्षी दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा आईने नातीला वाटीभर अळणी "डाळीचं पाणी" म्हणून पाजले. यामागे द्वेष नव्हता, निव्वळ काळजी होती. "पोरगी वाळून चाललीया, आन् तुमी पुस्तकं वाचत बसा," असे ती मला म्हणत असे. मुलीला दुसऱ्या दिवशी कळले. चुलतभावंडांनी चिडवून सांगितले. त्यानंतर सहा महिने तिने आजीच्या हातचे पाणीसुद्धा पिण्याचे नाकारले. भाकरी दिली तर उलटून पाहायची. माझ्या आईचे डोळे पाण्याने भरलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत, त्यांतली ही एक वेळ. फसविण्याने मुलाच्या पोटात चार थेंब अधिक गेले असतील. परंतु 'हे ताट विश्वासाचे आहे' ही मुलाच्या मनातली भावना एकदा गेली की ती परत आणणे किती अवघड असते, ते आमच्या घराने सहा महिने भोगले. जे आईबाप आज इथे आहेत त्यांना मी एवढेच सांगेन की 'तिला कळणार नाही' असे म्हणणाऱ्या पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवा. हसून थांबवा, पण थांबवा.

पुढच्या जत्रेला आईनेच मार्ग काढला. बाजारातून एक नवी पळी आणली, चुलीमागच्या खुंटीला वेगळी टांगली आणि जाहीर केले, "ही पोरीची. ह्या पळीला कुणी हात लावला तर बघा." नातीसाठी अख्खा मसूर केला, आणि तो तिच्यापुरता न करता पातेलेभर केला. मटणाच्या पंगतीतही निम्म्या लोकांनी तो मागून घेतला. मुलगी पंगतीत परतली.

मला मात्र ती पळी पाहून अस्वस्थ वाटले. वेगळे भांडे या गोष्टीची आठवण आमच्या घराला चांगली नव्हती. माझे वडील तालुक्याच्या गावी ज्या वकिलाकडे जात, तिथे त्यांना चहा वेगळ्या कपातून मिळे आणि तो त्यांनीच विसळून ठेवायचा असे. आणि आमच्याच परसदारी, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप होता. तो कोणासाठी होता हे मी सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांना स्वतःचा अपमान आयुष्यभर आठवला, कोनाड्यातला कप त्यांना कधी दिसला नाही. कपाची ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहामुळे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. मग आमच्या मुलीची पळी ही त्याच कपाची बहीण नव्हे काय?

पुष्कळ विचारांती माझे उत्तर 'नव्हे' असे आले. कप वेगळा ठेवला होता तो माणूस पंगतीबाहेर राहावा म्हणून. पळी वेगळी ठेवली ती मूल पंगतीत बसावे म्हणून. कपामुळे दुसऱ्याच्या स्पर्शाला विटाळ ठरविले जाई. पळीमुळे कोणी अपवित्र ठरले नाही. आई त्याच हातांनी दोन्ही पातेल्यांतून वाढत होती. भांडे एकच, हेतू भिन्न. अर्थात हेतू घसरायला वेळ लागत नाही, हेही लगेच सांगतो.

मुलगी पाचवीत असतानाची गोष्ट. तिच्या बाकावर तिची मैत्रीण बसे. ती डब्यात अधूनमधून उकडलेले अंडे आणी. वर्गातल्या बाईंना हे समजले. आमची मुलगी शाकाहारी आहे हेही त्यांना माहीत होते, कारण आम्हीच मोठ्या अभिमानाने ते सांगून ठेवले होते. बाईंनी त्या मैत्रिणीला डबा घेऊन व्हरांड्यात पाठविले: "शेजारची मुलगी शाकाहारी आहे, तिचा विचार करायला नको?" आमच्या मुलीच्या नावाने दुसऱ्या मुलीला बाहेर काढण्यात आले. ती मैत्रीण कोणत्या वस्तीतून येत होती हे मी सांगितले नाही तरी चालेल. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी काहीच म्हटलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी मी आणि माझी पत्नी मुख्याध्यापकांना भेटलो. न खाण्याचा हक्क आमच्या मुलीचा आहे. दुसऱ्याने खाऊ नये असा हक्क आम्ही मागितलेला नाही आणि कोणी दिला तर घेणारही नाही, असे लेखी दिले. मुख्याध्यापकांना या कागदाचे काय करावे ते समजेना. शाकाहारी मुलाचे पालक अंड्याच्या बाजूने आलेले त्यांनी पूर्वी पाहिले नसावेत. परंतु मैत्रीण बाकावर परत आली. आदर मागताना आपण नेमके किती मागितले, हे स्पष्ट केले नाही तर लोक आपल्या नावावर स्वतःचा जुना हिशेब चुकता करून घेतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता एक आक्षेप, जो शिबिरांत हमखास येतो. मुलाला शाकाहारी वाढविणे म्हणजे आईबापांनी आपली मते लादणे नव्हे काय? महात्मा गांधींच्या आत्मकथेत याचे फार कठोर उदाहरण आहे. 1902 साली मुंबईत त्यांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. तो दहा वर्षांचा होता. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधींनी नकार दिला, मुलाचे मत विचारले, तोही नको म्हणाला, आणि मग जलोपचार सुरू झाले. मुलगा बरा झाला. तो बरा झाला म्हणून गांधींचा निर्णय बरोबर ठरतो, असे मी मानत नाही. ज्वराने फणफणलेल्या, वडिलांवर विसंबलेल्या दहा वर्षांच्या मुलाने दिलेली संमती ही कितपत संमती असते? मी त्या जागी असतो तर डॉक्टरांचे ऐकले असते. परंतु गांधींच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ते 1888 साली इंग्लंडला गेले तेव्हा आईला दिलेल्या शब्दाखातर शाकाहारी होते. मनातून त्यांना मांसाहारच राष्ट्राच्या हिताचा वाटत होता. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांची पुस्तिका वाचल्यावर ते स्वतःच्या मताने शाकाहारी झाले. म्हणजे वारसा आला घरातून, निवड झाली नंतर. सगळ्याच मुलांच्या बाबतीत हे असेच असते. मटण खाणाऱ्या घरातले मूलसुद्धा निवडून मटण खात नाही, पानात पडले म्हणून खाते. लादणे दोन्हीकडे सारखेच. प्रश्न उरतो तो इतकाच की ज्या दिवशी मूल स्वतःचे 'नको' किंवा स्वतःचे 'हवे' उच्चारील, त्या दिवशी घर ते ऐकणार की नाही.

आणि 'नको' ऐकायचे तर त्याची किंमतही मोजावी लागते. इथे अर्थशास्त्र येते. शाकाहारी मूल नुसत्या भात-बटाट्यावर, चहा-चपातीवर वाढत नाही. भाकरी आणि डाळ एकत्र हवी, कारण धान्यात जे प्रथिनघटक उणे असतात ते डाळीत असतात. भाजीवर लिंबू हवे, कारण वनस्पतीतले लोह शरीरात कमी शोषले जाते आणि लिंबाने ते वाढते. जेवणावर चहा नको, कारण त्याने ते घटते. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. म्हणून दूध-दही हवे, आणि दूधही वर्ज्य असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हवीच. तिथे तत्त्वज्ञान उपयोगाचे नाही. माझ्या आईची काळजी मुळात चुकीची नव्हती, उपाय चुकीचा होता. आम्ही तिला हे हिशेब समजावून सांगितले आणि मुलीची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून दाखविली, तेव्हा कुठे तिचा विरोध मावळला. नातेवाइकांचा आदर वादविवादाने मिळत नाही, मूल धडधाकट दिसले की मिळतो.

परंतु हे मी प्राध्यापकाच्या पगारावर केले. देशात डाळींची दरडोई उपलब्धता 1951 साली दिवसाला सुमारे 60 ग्रॅम होती. 2001 साली ती निम्म्यावर, 30 ग्रॅमच्या आसपास आली. त्यानंतर ती काहीशी सुधारली, तरी जुन्या पातळीपासून दूरच राहिली. ज्यांच्या घरी डाळ पातळ होत गेली आणि दूध डेअरीला गेले, त्यांचे मूल शाकाहारी आहे असे म्हणणे ही थट्टा आहे. ते मूल उपाशी आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आणि 36 टक्क्यांचे वजन कमी आढळले. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो अशा मुलांसाठी. आज प्राथमिक शाळेतील मुलाला त्या आहारातून 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात. अंड्यात भेसळ करता येत नाही आणि वाढताना ते पातळही करता येत नाही. ठेकेदारीच्या राज्यात हा गुण लहान नव्हे.

तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळते, न खाणाऱ्याला केळे. कर्नाटकात 2021 च्या डिसेंबरात सात जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. काही मठाधिपतींनी विरोध केला, तरी योजना पुढे राज्यभर गेली. आपल्या राज्यात 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यास केळे, असा निर्णय झाला. 2025 च्या जानेवारीत शासनाने अंड्याचा निधी काढून घेतला आणि शाळांनी लोकसहभागातून पाहावे असे सांगितले. एका शाकाहारी मुलीचा बाप म्हणून मला याची लाज वाटते. अंड्याच्या विरोधात जी निवेदने निघाली त्यांत शाकाहारी मुलांच्या भावनांचा दाखला होता. शाकाहारी मुलाच्या भावनांची सोय केळ्याने झाली होती! दुसऱ्याच्या ताटातले अंडे काढल्याने माझ्या मुलीसारख्या मुलाला एक ग्रॅमही प्रथिन अधिक मिळत नाही. व्हरांड्यात पाठविलेली ती मैत्रीण, एवढेच मला या निर्णयात दिसते. मुंबईच्या आयआयटीत 2023 साली वसतिगृहाच्या भोजनालयात काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मांस खाणाऱ्याला भाड्याने घर न देणाऱ्या सोसायट्या तर मुंबईत आपल्या परिचयाच्याच आहेत. पळीचा कप होतो तो असा.

आपल्या स्वतःच्या शिबिरांविषयीही थोडे बोलले पाहिजे. चिटणीसांनी रागावू नये. आपल्या शिबिरात वर्षानुवर्षे शाकाहारी जेवण असते आणि त्याला आपण 'साधे जेवण' म्हणतो. 1940 च्या दशकात अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. सर्व जातींच्या हाताला आणि खिशाला झेपेल असे ते अन्न होते, आणि ज्यांना एका पंगतीला बसू दिले जात नव्हते ते त्यामुळे एकत्र बसले. त्या झुणक्याला मी नमस्कार करतो. परंतु पिठले ज्या कारणासाठी त्या पंगतीत आले ते कारण आपण विसरलो आणि पिठल्याची सवय मात्र ठेवली. किनाऱ्यावरून आलेला आपला तरुण कार्यकर्ता तीन दिवस आपले साधे जेवण मुकाट्याने जेवतो. त्याच्या घरी साधे जेवण म्हणजे बांगडा असतो. त्याला आपण कधी विचारले आहे काय? काल रात्री मी एकाला विचारले. तो लाजला, आणि म्हणाला, "चालतंय की, सर." माझी मुलगीही लहानपणी लग्नाच्या पंगतीत, नुसत्या भातावर मीठ टाकून घेत, असेच म्हणत असे.

माझी मुलगी आज शाकाहारीच आहे. तिचा नवरा मालवणकडचा, मासे खाणारा. त्यांची मुलगी सहा वर्षांची आहे आणि बापाच्या ताटातले सुरमईचे तुकडे काटे काढून खाते. मुलगी शेजारी बसून वरणभात जेवते. गेल्या जत्रेला आम्ही सगळे गावी होतो. आई आता थकली आहे, परंतु वाढायला तीच बसते. खुंटीवरची पळी अजून तिथेच आहे. मुलीला त्या पळीने मसूर वाढून झाल्यावर आईने दुसऱ्या पातेल्यातून वाटीत अळणी घेतले, पणतीच्या ताटापर्यंत हात नेला आणि मध्येच थांबवून माझ्या मुलीकडे पाहिले.

"हिला चालंल न्हवं?"

"मला काय विचारतेस आज्जी," मुलगी म्हणाली, "तिलाच विचार की."

आईने पणतीला विचारले. तिने वाटीत वाकून वास घेतला आणि म्हणाली, "लिंबू पिळून दे."